बॅलन्सिंगची पावती फाडण्याआधी चाक मोजा

उपनगरातील गॅरेजवाल्या बांधवांशी आज थोडे स्पष्ट बोलायचे आहे. विषय तसा लहान, एक-दीड मिलिमीटरचा आहे. पण तेवढ्या फरकापायी आपल्या धंद्याची पत कमी होत चालली आहे, असे आमचे मत आहे.

पावसाळा संपला की अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही गॅरेजात एक तक्रार हमखास येते. "सत्तर-ऐंशीच्या वेगाला गाडी थरथरते." आपले उत्तरही ठरलेले असते. "बॅलन्सिंग करून घ्या, साहेब." बॅलन्सिंग होते, रिमला वजने ठोकली जातात, पैसे चुकते होतात. आठ दिवसांनी तोच माणूस पुन्हा दारात उभा. मग अलाइनमेंट. मग टायरॉड एंड. मग शॉकअप. शेवटी टायरच बदला. एवढे करून थरथर जागच्या जागी, आणि गिऱ्हाईक मात्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात. सोसायटीत तो चार लोकांना सांगतो की गल्लीतल्या मिस्त्रीला काही कळत नाही. मिस्त्रीला बरेच कळत असते. त्याने चाक मोजलेले नसते, एवढेच.

बॅलन्सिंग म्हणजे वजनाचा हिशेब. चाकाचा एखादा भाग जड असेल तर समोर तेवढेच वजन लावायचे. पण चाक गोलच नसेल, किंवा गोल असूनही सरळ फिरत नसेल, तर तो दोष वजनाचा नाही, आकाराचा आहे. याला आपण "चाक आउट चालते" म्हणतो, पुस्तकात त्याला रनआउट म्हणतात. (क्रिकेटशी याचा संबंध नाही, पण गिऱ्हाईक इथेही बाद होते.) हा दोष दोन तऱ्हेचा असतो. चाक फिरताना टायरचा माथा वर-खाली होत असेल तर तो रेडियल, म्हणजे वरखाली आउट. चाक डावी-उजवीकडे डुलत असेल तर तो लॅटरल, म्हणजे बाजूला आउट. वरखाली आउट असलेले चाक गाडी उडवते, बाजूला आउट असलेले चाक ती हलवते. मशीनवर हेच चाक खुशाल शून्य-शून्य दाखवू शकते, कारण साध्या बॅलन्सिंग मशीनवर चाक हवेत फिरते, त्याच्यावर गाडीचा भार नसतो. अंड्याला वजने लावून ते बॅलन्स करता येईल, पण ते रस्त्यावर गोल चालणार नाही.

ज्यांना हे बोलणे पुस्तकी वाटते त्यांनी थोडा हिशेब करावा. आल्टो मोटारीचे १४५/८० आर १२ मापाचे चाक घ्या. त्याचा घेर सुमारे १.६९ मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगाला ते सेकंदाला १३ वेळा फिरते. आता रिमच्या कडेला २० ग्रॅमचा फरक असेल तर या वेगाला त्याचा धक्का साधारण २ किलोचा बसतो. उलट मोटारीचा टायर एक मिलिमीटर दाबायला ढोबळ मानाने १५ ते २० किलो भार लागतो. म्हणजे चाक दीड मिलिमीटर आउट असेल तर प्रत्येक फेऱ्यात त्याच्यावरचा भार २०-३० किलोंनी कमी-जास्त होतो, सेकंदाला १३ वेळा. कुठे २ किलो आणि कुठे २५. शिवाय वजनाचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो, आकाराचा धक्का तसा वाढत नाही. म्हणून आउट चाकाला वजने लावून एखाद्या वेगाला गाडी शांत केली तरी दुसऱ्या वेगाला ती थरथरणारच. गिऱ्हाईक म्हणते, "साठला बरी वाटते, नव्वदला हलते." ते खरे सांगत असते.

मग पूर्वी हे का चालून गेले? याचे उत्तर आपल्या कुर्ल्यातच आहे. प्रीमियर पद्मिनी मोटार कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे आणि एल.बी.एस. मार्गावरच्या कित्येक मिस्त्रींनी हात बसवला तो याच गाडीवर. जाड बाजूचा टायर, पोलादी रिम, वेग बेताचा. रिमला मार बसला तर हातोड्याने सरळ करायची, खडूने तपासायची, काम भागायचे. पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता गल्लीत उभ्या गाड्यांपैकी कितीतरींना अलॉय रिम आणि बुटक्या बाजूचे टायर आहेत. खड्ड्याचा मार झेलायला रबर कमी उरले, तो थेट रिमवर जातो. दुसरीकडे वेग वाढला. आपल्या उपनगरात कोणाला ऐंशीचा वेग मिळत नाही, हे खरे. पण तीच गाडी रविवारी नाशिकला किंवा पुण्याला जाते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि भिवंडीजवळून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता मिळाला. तिथे मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा आहे. मुलुंडच्या गल्लीत तीसच्या वेगाला चाचणी घेऊन "ठीक आहे" म्हणून दिलेली गाडी दुसऱ्या दिवशी तिथे धावते. त्या वेगाला हेच लहान चाक सेकंदाला जवळजवळ २० वेळा फिरते. आपण दिलेल्या शब्दाची परीक्षा आता आपल्या डोळ्यांआड होते.

तेव्हा मोजायचे कसे, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. कारण डायल गेज पुष्कळांकडे असते, पण ते कपाटात असते.

गाडी आल्या आल्या जॅकवर चढवू नये. आपल्याकडे गाड्या पाच-पाच दिवस सोसायटीत उभ्या असतात, टायरचा खालचा भाग चपटा बसलेला असतो. तसेच मोजले तर टायर नाहक दोषी ठरेल. आधी हवेचा दाब बघावा, रिमच्या आत चिखल वाळून बसला असेल तर तो खरवडावा (पावसाळ्यात निम्म्या तक्रारी एवढ्यावरच मिटाव्यात), मग आठ-दहा किलोमीटर गाडी फिरवून आणावी. फिरवताना लक्ष द्यावे. हातात स्टिअरिंग हलत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि फरशी हलत असेल तर मागच्यांवर. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर येत असेल तर चाक सोडून डिस्क बघावी. हा नियम शंभर टक्के नाही, पण सुरुवात कुठून करायची ते सांगतो.

परत आल्यावर गाडी उचलून प्रथम चाक वर-खाली धरून हलवावे. बेअरिंगमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये खेळ असेल तर पुढचे सगळे मोजमाप फुकट आहे. आधी तो खेळ काढावा. टायर रिमवर नीट बसला आहे का तेही इथेच कळते. टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक गोल रेघ असते. ती रिमच्या कडेपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका ठिकाणी आत गेली असेल तर बीड बसलेले नाही, टायर उतरवून साबण लावून पुन्हा चढवावा. दोष मिळाला, खर्च शून्य.

आता मॅग्नेट स्टँड आणि डायल. पहिले माप टायरच्या माथ्यावर, मधल्या सलग पट्टीवर. नक्षी तुटक असेल तर माथ्यावर चिकटपट्टीचा एक वेढा द्यावा, म्हणजे डायलचे टोक खड्ड्यात अडकत नाही. चाक हाताने सावकाश फिरवून काटा सर्वात खाली कुठे आणि सर्वात वर कुठे ते बघावे, आणि उंच जागी खडूची खूण करावी. दुसरे माप टायरच्या बाजूला, जिथे अक्षरे नाहीत अशा गुळगुळीत भागावर. साधारणपणे टायर-रिम मिळून दीड मिलिमीटरच्या आत असावे. त्याच्या बाहेर असेल तर डायल रिमवर न्यावा, जिथे टायरचे बीड बसते त्या कडेवर. पोलादी रिमला एक मिलिमीटरच्या आसपास आणि अलॉयला पाऊण मिलिमीटरच्या आसपास मर्यादा धरतात. हे ढोबळ आकडे आहेत, गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच मानावा. रिम चांगली आणि टायर आउट, की रिमच आउट, हे आता कागदावर आले. आणि रिमही आउट दिसली तरी लगेच तिला दोष देऊ नये. चाक उतरवून डायल हबच्या तोंडावर लावावा. तिथे मर्यादा फार बारीक आहे, पाच-शतांश मिलिमीटरच्या आसपास.

हबबद्दल आमचा अनुभव असा की खरा चोर इथे पुष्कळदा सापडतो आणि इथेच कोणी बघत नाही. मुंबईच्या हवेत हबचे तोंड गंजते, त्यावर पापुद्रे धरतात. समजा हबच्या एका कडेला दोन-दशांश मिलिमीटरचा गंजाचा कण अडकला. हबचे तोंड सुमारे १४० मिलिमीटर रुंद, टायर त्याच्या जवळपास चौपट. म्हणजे टायरच्या कडेला तोच फरक पाऊण मिलिमीटरचा होऊन बसतो. पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश, दोन मिनिटांचे काम. तसेच बाहेरून घेतलेल्या अलॉय रिमचे. तिचे मधले भोक हबपेक्षा मोठे असते, मधे रिंग नसते, चाक फक्त नटांवर लटकते आणि मधोमध बसत नाही. योग्य मापाची रिंग घातली की थरथर गेली. नट कसताना एअर गनने एक पूर्ण आवळून मग शेजारचा, ही सवय तर सोडलीच पाहिजे. समोरासमोरचे नट, थोडे थोडे, आणि शेवट टॉर्क पान्याने. वेडावाकडा ताण पडला की डिस्क वाकडी धरली जाते आणि काही हजार किलोमीटरनंतर गिऱ्हाईक ब्रेकची तक्रार घेऊन येते. ती तक्रार आपणच पेरलेली असते.

टायर आणि रिम दोघेही थोडे थोडे आउट असतील तर दोन्ही फेकायची गरज नाही. टायरची उंच जागा आणि रिमची खोल जागा एकत्र आणली की एकाचा दोष दुसरा झाकतो. नव्या टायरवर लाल ठिपका असतो तो यासाठीच. तो टायरची उंच जागा दाखवतो. पिवळा ठिपका हलकी जागा दाखवतो, तो व्हॉल्व्हसमोर ठेवायचा. आपल्याकडे कित्येक जण हे ठिपके फडक्याने पुसून टाकतात, टायर स्वच्छ दिसावा म्हणून! जुन्या टायरला ठिपके उरत नाहीत, तिथे खडूची खूण तेच काम करते. आणि काहीच नाही जमले तर चाक हबवर एक-दोन नट पुढे फिरवून बसवावे आणि पुन्हा मोजावे. कधी कधी तेवढ्याने अर्धा मिलिमीटर उतरतो.

अमेरिकेच्या हंटर कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस असे मशीन काढले की ज्यात फिरत्या चाकावर रूळ दाबून रस्त्यासारखा भार देतात आणि टायरमधला छुपा कडकपणाही कळतो. मोठ्या दुकानांकडे तसे मशीन असू शकते. गल्लीतल्या गॅरेजला ते परवडणार नाही आणि बहुतेक गाड्यांना त्याची गरजही नाही. डायलने काहीच सापडले नाही तर मात्र गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे तिकडे पाठवावे.

रिक्षावाल्यांना या चर्चेतून वगळून चालणार नाही. वांद्रे आणि शीवच्या पलीकडे शहरात रिक्षाला बंदी, म्हणून तिचे सारे पोट उपनगरावर आणि तिचे मिस्त्रीही उपनगरातलेच. तिचे लहान, आठ इंची रिमचे चाक दोन भागांचे असते, ते भाग नटांनी जोडलेले असतात. दोन भागांमध्ये माती राहिली किंवा नट एका बाजूने आवळले की चाक बाजूला आउट चालते, हँडल हातात नाचते, आणि दिवसभर ते धरून चालवणाऱ्या माणसाचे खांदे भरून येतात. इथे डायलचीही गरज नाही. चाक फिरवून शेजारी खडू स्थिर धरला तरी उंच भागावर रेघ उमटते. फक्त एक गोष्ट पोरांना दहा वेळा बजावावी. हवा पूर्ण काढल्याशिवाय या रिमचे जोडनट सैल करायचे नाहीत. हवा भरलेली असताना ते उघडले तर रिमचा अर्धा भाग तोंडावर येतो.

आता कटू भाग. वाकलेली अलॉय रिम गॅसने तापवून, दाबून सरळ करण्याचा धंदा जोरात आहे. कुर्ल्यापासून जोगेश्वरीपर्यंत हे काम करणारे हात कुशल आहेत, त्यांच्या कौशल्यावर आमचा आक्षेप नाही. पोलादी रिम थंड अवस्थेत रुळावर सरळ करणे हे जुने आणि समजूतदार काम आहे. अलॉयची गोष्ट निराळी. तापवले की तिच्या धातूची ताकद उतरते, आणि बाहेरून रंग मारला की काहीच दिसत नाही. कडेचा लहान बाक काळजीपूर्वक काढता येतो, हे मान्य. पण जिथे तडा गेला आहे, विशेषतः आरीच्या मुळाशी, तिथे वेल्डिंग करून रिम परत गाडीला लावणे म्हणजे कोणाच्या तरी जिवाशी खेळ आहे. ती रिम भंगारातच गेली पाहिजे. "गिऱ्हाईकच मागते" हे उत्तर आम्हाला मान्य नाही. गिऱ्हाइकाला धातू कळत नाही, म्हणूनच ते आपल्याकडे येते. जुन्या रिमांचा व्यापार करणाऱ्या बांधवांनीही दुकानात एक हब भिंतीला बसवून ठेवावा. रिम त्यावर फिरवून, डायलचा काटा गिऱ्हाइकासमोर दाखवून विकावी. भाव दोन पैसे जास्त मिळेल आणि परत आलेल्या मालावरची हुज्जत मिटेल.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि खरे दुखणे तिथेच आहे. मिस्त्री म्हणतात, "अर्धा तास मोजण्यात घालवला तर त्याचे पैसे कोण देणार? गिऱ्हाईक सामानाचे पैसे देते, तपासणीचे देत नाही." ही तक्रार खोटी नाही. पण ही सवय गिऱ्हाइकाला लावली कोणी? तपासणी फुकट द्यायची आणि ती सामानात वसूल करायची, ही रीत आपणच चालवली. परिणाम असा की ज्या दिवशी दोष फक्त गंज पुसण्याचा निघतो त्या दिवशी मिस्त्रीचे नुकसान होते, आणि नको असलेला टायर विकला त्या दिवशी फायदा. ज्या धंद्यात खरे निदान केल्याने तोटा होतो तो धंदा फार काळ सरळ राहू शकत नाही. शिंपी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही, आणि मापाची मेहनत शिलाईत धरलेली असते. डॉक्टर गोळी दिली नाही तरी तपासल्याचे पैसे घेतो, आणि कोणी भांडत नाही.

म्हणून आमची सूचना अशी की गॅरेजने "चाक तपासणी" हा स्वतंत्र दर लावावा, पाटीवर लिहावा. काम आपल्याकडेच केले तर त्यातली काही रक्कम वळती करून द्यावी, ही सवलत ज्याची त्याने ठरवावी. पण दर असावा, आणि त्याच्या बदल्यात कागद असावा. प्रत्येक चाकापुढे चार आकडे: टायर वरखाली, टायर बाजूला, रिम, हब. दुरुस्तीनंतर तेच आकडे पुन्हा. हा कागद गिऱ्हाइकापेक्षा आपल्याच कामाचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सदोष सेवेची तक्रार गॅरेजविरुद्धही होऊ शकते. तिथे "मी चांगले काम केले होते" या बोलण्यापेक्षा आकड्यांचा कागद जास्त वजनदार ठरतो. रिम धोक्याची आहे असे सांगूनही गिऱ्हाइकाने तीच लावायला लावली, तर नकार द्यावा आणि तो नकारही याच कागदावर लिहावा.

डायल गेज आणि मॅग्नेट स्टँड नागदेवी स्ट्रीटवर मिळतात, आणि दोन्ही मिळून एका नव्या अलॉय रिमच्या किमतीच्या आसपास बसतात. घेताना काटा हाताने दाबून सोडावा. तो दर वेळी नेमका त्याच रेघेवर परत आला पाहिजे, अडखळला तर तो नग ठेवून दुसरा मागावा. आणून कपाटात ठेवू नये. हेल्परला पहिल्या आठवड्यात गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीचे एक चाक मोजायला लावावे, थरथर असो वा नसो. चांगल्या चाकाचा आकडा किती येतो हे हाताला कळले की वाईट चाक ओळखायला त्याला उस्तादाला हाक मारावी लागणार नाही.